न असलेल्या पाणबुडीचं बरोबर चित्र



मागच्या वेळी थांबताना मी म्हणालो होतो की जी वस्तू जगात नाहीच, तिच्याबद्दल खरं किंवा खोटं बोलता येतं का, या प्रश्नाकडे आज वळू. विषय ऐकून काही जणांनी तेव्हाच जांभई दिली होती, ती मला दिसली. म्हणून आज उदाहरण ग्रंथातलं घेत नाही, चित्रांतलं घेतो. ज्यूल व्हर्नची नॉटिलस. कॅप्टन नेमोची पाणबुडी. आणि चित्रं कोणाची? कोणा नामवंत चित्रकाराची नव्हेत. नोकरीधंदा सांभाळून रात्री जागून ही पाणबुडी काढणाऱ्या, संगणकावर घडवणाऱ्या, पुठ्ठ्यातून आणि रेझिनमधून बनवणाऱ्या हौशी मंडळींची.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी म्हणून गेलो होतो की ही मंडळी दुसऱ्याच्या कल्पनेच्या उष्ट्यावर जेवतात. टाळी मिळाली होती. ते वाक्य मला आज मागे घ्यायचं आहे, पण सगळं नाही. किती मागे घ्यायचं आणि किती ठेवायचं, एवढंच आजचं काम.

कारण घडलं ते घरात. माझा नातू अभियांत्रिकी शिकतो. सुट्टीत तो संगणकावर नॉटिलस बांधायला बसला. मी लहानपणी ही गोष्ट मराठीतून वाचली होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, आमची पिढी त्यांची ऋणी आहे. त्यामुळे मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आजोबा, हॉल बसत नाहीये.”

मी म्हटलं, “बसत नाही म्हणजे?”

“बाहेर येतोय. पत्र्यातून.”

मला वाटलं, पोराचंच काही चुकलं असेल. म्हणून कागद घेऊन मीही आकडे मांडले. आता ते तुमच्यापुढे मांडतो. घाबरू नका, शाळेतलंच गणित आहे.

व्हर्नची कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः छापली गेली. तिच्यात नेमो स्वतः आपल्या बोटीची मापं प्राध्यापक अरोनाला सांगतो. लांबलचक नळकांडं, दोन्ही टोकं शंकूसारखी, चिरुटाच्या घाटाची. लांबी ७० मीटर. सगळ्यात जाड जागी रुंदी ८ मीटर. पृष्ठफळ १०११.४५ चौरस मीटर. घनफळ १५००.२ घनमीटर. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडेसुद्धा दिलेत! ही व्हर्नची लकब आहे. इतके बारीक आकडे ऐकले की ऐकणारा मान डोलावतो आणि गणित करायचं विसरतो. राजकारणातही हे चालतं, पण तो आजचा विषय नाही.

आता चिरूट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड, मधे सरळ आणि टोकाला जरा निमुळता असा आकार येतो. पण तसा आकार धरला तर घनफळ १५०० च्या कितीतरी पुढे जातं. ७० मीटर लांब आणि ८ मीटर जाड असं सरळ नळकांडंच घेतलं तर ते साडेतीन हजार होतं. व्हर्नचे दोन्ही आकडे, पृष्ठफळ आणि घनफळ, एकदम जुळवायचे तर मधे जेमतेम १० मीटरचं नळकांडं आणि पुढे-मागे ३०-३० मीटरचे शंकू धरावे लागतात. मी हे करून पाहिलं. पृष्ठफळ १०१२ च्या आसपास येतं, घनफळ १५०८. म्हणजे जवळजवळ बरोबर. याचा अर्थ व्हर्नने आकडे हवेतून काढले नव्हते, कोणीतरी बसून गुणाकार केला होता. फक्त ती बोट चिरूट नाही, टकळी आहे. सूतकताईची टकळी.

हे बाहेरचं झालं. आता आत चला. आतल्या खोल्यांचीही मापं आहेत. मध्यापासून नाकाकडे जाताना जेवणाची खोली ५ मीटर, ग्रंथालय ५ मीटर, मग तो प्रसिद्ध दिवाणखाना १० मीटर, नेमोची खोली ५, अरोनाची अडीच, आणि शेवटी हवेची टाकी साडेसात मीटर. बेरीज ३५. निम्मी बोट, चोख हिशेब. दिवाणखाना मात्र १० मीटर लांब, ६ रुंद आणि ५ उंच आहे. कोपरे कापलेले आहेत असंही लिहिलंय, ते ध्यानात ठेवू.

दिवाणखान्याची पुढची भिंत नाकापासून किती लांब? साडेसात अधिक अडीच अधिक पाच, म्हणजे १५ मीटर. आपला शंकू ३० मीटरचा. म्हणजे ही भिंत शंकूच्या बरोबर निम्म्यावर येते. शंकूच्या निम्म्यावर जाडी निम्मी. आठाचे निम्मे चार. चार मीटर जाडीच्या नळीत पाच मीटर उंचीचा आणि सहा मीटर रुंदीचा दिवाणखाना! कोपरे कितीही कापा. आणि कवच तर दुहेरी आहे, त्याची जाडी मी धरलेलीच नाही.

नातवाचं काही चुकलं नव्हतं. हॉल खरंच बाहेर येतो.

आता तत्त्वज्ञान. आपल्याकडच्या वादग्रंथांत नसलेल्या वस्तूंची दोन उदाहरणं जोडीने येतात: शशशृंग आणि वंध्यापुत्र. सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा. वर्गात मी वर्षानुवर्षं दोन्ही एका दमात सांगत आलो. पण फरक बघा. ससा आहे, शिंग आहे, फक्त त्यांचा संबंध नाही. म्हणून सशाच्या शिंगाचं चित्र काढता येतं. कोणतंही पोर काढून दाखवील. वंध्यापुत्राचं चित्र काढा बरं! मुलगा काढाल, बाई काढाल, पण तिच्या शेजारी तो उभा केलात की एक तर तो तिचा नाही, नाहीतर ती वांझ नाही. तिथे शब्दच एकमेकांना खाऊन टाकतात.

हौशी मंडळी कामाला बसतात तेव्हा त्यांची समजूत अशी असते की नॉटिलस हे सशाचं शिंग आहे. नाही, पण असू शकली असती. पुस्तक नीट वाचलं की बरोबर चित्र निघेल. आणि मग महिना दोन महिने खपल्यावर त्यांना कळतं की हे वांझेचं पोर आहे. बाहेरची बोट आणि आतला दिवाणखाना, दोन्ही व्हर्नचेच, पण ते एका चित्रात मावत नाहीत. जी गोष्ट मला तर्कशास्त्राच्या वर्गात फळ्यावर सांगावी लागायची, ती या लोकांना हाताने सापडते. वाचणाऱ्या लाखो लोकांना ती सापडली नाही. समीक्षकांनाही क्वचितच. वाचताना दिवाणखान्यात आपण बसतो, भिंतीची जाडी बघत नाही. काढायला घेतलं की भिंत आडवी येते. म्हणून माझं उष्ट्याचं वाक्य मागे. काढणं ही वाचण्याची एक कडक रीत आहे, आणि या मंडळींनी ती पाळली.

रोमान इंगार्डन या पोलिश तत्त्वज्ञाने १९३१ साली साहित्यकृतीबद्दल एक ग्रंथ लिहिला. त्यात ‘अनिश्चिततेच्या जागा’ अशी कल्पना आहे. लेखक सगळं सांगत नाही. नेमोच्या कोटाला किती बटणं? सांगितलेलं नाही, तुम्ही भरा. हौशी कला या मोकळ्या जागा भरते, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण इंगार्डनच्या हिशेबात मोकळी जागा आणि भांडणाची जागा वेगळी. मोकळ्या जागी चित्रकार भर घालतो. भांडणाच्या जागी त्याला न्याय द्यावा लागतो: एक पक्ष उचलायचा, दुसरा सोडायचा. आणि कोण कुठला पक्ष सोडतो, यावरून त्याची पारख होते.

मी पाहिलेल्या चित्रांत तीन वाटा दिसतात. पहिली वाट सोपी: बोट फुगवा. दुसरी: दिवाणखाना मागे सरकवून मधोमध आणा, जिथे ८ मीटर जाडी आहे, तिथे तो कसाबसा बसतो. तिसरी: दिवाणखाना आखडा. बहुसंख्य लोक पहिल्या वाटेने जातात आणि त्याला कारण आहे १९५४ सालचा डिस्नेचा चित्रपट. रिचर्ड फ्लायशरचं दिग्दर्शन, जेम्स मेसन नेमो. त्यातली नॉटिलस हार्पर गॉफ या कलाकाराने रचली: पाठीवर करवतीसारखा कणा, डोळ्यांसारख्या पेटलेल्या खिडक्या, सगळीकडे रिव्हेट. गॉफचा तर्क चांगला होता. कादंबरीत लोक या बोटीला समुद्रातला राक्षस समजतात. गुळगुळीत नळीला कोण राक्षस समजेल? त्या चित्रपटाला कलादिग्दर्शनाचं ऑस्करही मिळालं, पण गॉफ संघटनेचा सभासद नसल्यामुळे त्याच्या नावाने नाही. आज जगात नॉटिलस म्हणून जे काही काढलं जातं, त्यात निम्म्याहून जास्त रक्त गॉफचं असावं असं मला वाटतं. व्हर्नचं नाव, गॉफचा चेहरा.

याच वाटेवर पितळही आलं. ‘स्टीमपंक’ हा शब्द १९८७ चा, पण त्याने मागे जाऊन १८७० च्या बोटीला पितळेचा मुलामा दिला. चकचकीत पितळी नळ, पितळी दातेरी चाकं. अहो, व्हर्नची बोट पोलादाची आहे! आणि ती वाफेवर नाही, विजेवर चालते. १८७० च्या वाचकाला ती जुन्या काळातली गोडगोड वस्तू नव्हती, उद्याची आणि थोडी भीतिदायक अशी वस्तू होती. तिचा कणा फ्रान्समधल्या क्रूझोला घडवला, इंजिन प्रशियातल्या क्रुपकडे, पुढचा सुळा स्वीडनमध्ये, मोजमापाची उपकरणं न्यूयॉर्कला. सुटे भाग वेगवेगळ्या नावांनी मागवून एका ओसाड बेटावर जोडलेली यंत्रणा! पितळी नॉटिलसवर माझा आक्षेप रंगाचा नाही. जे भविष्य होतं त्याची ती पुराणवस्तू करते, आणि पुराणवस्तूची भीती वाटत नाही.

दुसऱ्या वाटेने जाणारे, दिवाणखाना सरकवणारे, मला प्रामाणिक वाटतात. ते खाली टीप देतात की आम्ही क्रम बदलला. तिसऱ्या वाटेने फार थोडे जातात. दिवाणखाना लहान करायला कुणाचं मन धजत नाही. का नाही?

रोलाँ बार्तने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये नॉटिलसवर एक छोटा निबंध लिहिला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हर्नचा प्रवास दिसायला दूर जाण्याचा, पण मुळात तो कोंडून घेण्याच्या सुखाचा. लहान मुलं चादरीचा तंबू करून आत बसतात ना, ते सुख. बाहेर अथांग पाणी, आत पुस्तकं, दिवा, ऊब. त्याच्या उलट टोकाला तो रॅम्बोची मदमस्त नाव ठेवतो, जिच्यात माणूसच नाही. बार्तचं पटतं मला. दिवाणखाना लहान होत नाही तो यामुळे. बारा हजार पुस्तकं, ऑर्गन, राफाएल आणि लिओनार्दोची चित्रं, काचेच्या पलीकडे मासे. कुणाला नको आहे? मलाही हवा आहे. सत्तरी ओलांडल्यावर तर फारच.

पण इथे माझी खरी तक्रार सुरू होते, आणि ती बार्तवरही आहे. या बोटीत दिवाणखान्याच्या लगतच एक खोली आहे. नेमोची स्वतःची. पाच मीटरची, कोंदट, जवळजवळ मठातल्या कोठडीसारखी. लोखंडी खाट, कामाचं टेबल. छेदचित्रं, म्हणजे बोट उभी कापून आतल्या खोल्या दाखवणारी चित्रं, मी गेल्या वर्षभरात बरीच पाहिली. दिवाणखान्यातल्या गालिच्याची नक्षी काढलेली असते. या खोलीत एक खाट टाकून मंडळी पुढे जातात.

आणि त्या खोलीच्या भिंतीवर कादंबरीत काय आहे? सात माणसांच्या तसबिरी. पोलंडचा कोश्चुश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, वॉशिंग्टन, व्हेनिसचा मानिन, लिंकन, आणि फासावर लटकलेला जॉन ब्राऊन. शिवाय शेवटी शेवटी कळतं की तिथे एका तरुण बाईची आणि दोन मुलांची तसबीरही आहे. एक लढाऊ जहाज माणसांसकट बुडवून, त्यातली माणसं बुडताना बघून नेमो या खोलीत येतो आणि त्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. तीच पाणबुडी, तोच सुळा. दिवाणखान्याच्या खिडकीतून अरोना ते सगळं बघत असतो. बार्तची उबदार गुहा त्या क्षणी खाटीकखान्याची खिडकी होते. मी पाहिलेल्या चित्रांत महाकाय माखल्यांशी झुंज शेकड्यांनी आहे. हा प्रसंग दोनदाच भेटला. माखलीला मारणारा नेमो सगळ्यांना चालतो.

आता त्या सात नावांत आपल्यातलं कोणी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नेमो तर हिंदी राजपुत्र ना? हो, पण ते व्हर्नला नंतर सुचलं. आधी त्याच्या मनात पोलिश सरदार होता, रशियाचा सूड घेणारा. प्रकाशक एत्झेलला रशियातली विक्री बुडेल अशी धास्ती वाटली. तेव्हा नेमोला देशच दिला नाही. १८७४-७५ च्या ‘गूढ बेटा’त त्याला देश मिळाला: तो राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपूचा पुतण्या, सत्तावन्नच्या लढ्यात उतरलेला. टिपू १७९९ मध्ये गेला आणि हा जन्मला १८१९ च्या सुमाराला, शिवाय म्हैसूर कुठे आणि बुंदेलखंड कुठे! तेही असो. पण बुंदेलखंड म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे झाशी येते, आणि झाशीच्या वेढ्यात सापडलेले वरसईचे गोडसे भटजी येतात. त्यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचलाय त्यांना डक्कारच्या त्या मेलेल्या बायकामुलांची तसबीर निव्वळ कथानकाची सोय वाटणार नाही.

मग हिंदी नेमोची बोट कशी काढायची? २००३ च्या एका हॉलिवुडपटात नसिरुद्दीन शाह नेमो झाला होता. बोटीवर नक्षी, आत काली. तेव्हापासून हौशी चित्रांतही कमानी आणि देवळं येऊ लागली. आपल्याला बरं वाटतं, पण मला हा उपाय वरवरचा वाटतो. ‘गूढ बेटा’तला डक्कार दहाव्या वर्षी युरोपात गेला आणि तिशीला परतला. त्याचं ग्रंथालय, त्याचे राफाएल, त्याचा मोझार्ट युरोपचाच असणार. ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच विद्येने आणि त्यांच्याच कारखान्यांतून मागवलेल्या लोखंडाने तो त्यांची जहाजं फोडतो. बोटीवर मोर आणि कमळं कोरली की ही गाठ सुटते, आणि ती सुटू नये. हिंदुस्थान त्या बोटीत दिसायचा तर सिलोनच्या मोत्यांच्या प्रसंगात दिसतो: तिथे एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या तोंडातून वाचवून नेमो मोत्यांची थैली देतो आणि मी त्याच्याच, पिचलेल्यांच्या देशाचा आहे अशा अर्थाचं बोलतो. त्यात नक्षी नाही.

नातवाने शेवटी दिवाणखाना मधे सरकवला. बोट टकळीचीच ठेवली. दिसायला ती फारशी देखणी नाही, असं त्याच्या मित्रांचं मत पडलं. नेमोच्या खोलीसाठी त्याने माझ्याकडे तसबिरींची यादी मागितली. मी सात नावं दिली. तो म्हणाला, “आजोबा, यात आपलं कुणीच नाही? एक लावू का मी?”

मी जरा अडचणीत आलो. व्हर्नने या सातांखेरीज कुणी नव्हतं असं लिहिलेलं नाही. म्हणजे ही इंगार्डनची मोकळी जागा आहे, भांडणाची नव्हे. तिथे भर घालायला हरकत नाही. पण कोणाची? राणीची लावली तर ती आपल्याला हवी म्हणून लागेल की डक्कारला हवी म्हणून? त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची तसबीर तो ग्रीस आणि आयर्लंडच्या वीरांच्या रांगेत लावील, की बायकोच्या शेजारी? मी त्याला म्हटलं, मला वेळ दे.

त्याने आठवी चौकट तयार करून ठेवली आहे, रिकामी. दर रविवारी फोनवर विचारतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ. मागचे माईक सुरू आहेत ना?